तांत्रिक मुद्दा म्हणजे कुणाचा मुद्दा?

न्यायालयीन बातम्यांमध्ये एक शब्दप्रयोग गेली कित्येक वर्षे निर्धास्तपणे वावरतो आहे. कर्जवसुलीची एखादी कारवाई न्यायालयाने रद्द ठरवली आणि त्याचे कारण ‘कर्जदाराला रीतसर नोटीस मिळालीच नव्हती’ एवढेच असले, की बातमीदार लिहितो: तांत्रिक मुद्द्यावर जप्ती रद्द. वाचणाऱ्याच्या मनात चित्र उभे राहते ते असे, की पैसे घेतले आहेत, बुडवलेही आहेत, आणि कुणा हुशार वकिलाने कुठल्याशा फटीतून अशिलाला अलगद बाहेर काढले आहे. वाचणाऱ्याची सहानुभूती त्या एका शब्दाने कर्जदाराकडून कार्यालयाकडे सरकते.

हाच कर्जदार कर्ज मागायला गेला होता तेव्हा सातबारा जुना आहे म्हणून त्याला परत पाठवले गेले. अर्जावर जामीनदाराची एक सही राहिली म्हणून त्याला आणखी दोन खेपा पडल्या. त्या वेळी हा मुद्दा तांत्रिक आहे असे कुणी म्हटले नाही. तेव्हा त्याचे नाव नियम होते. चूक कर्जदाराची असली तर नियम आणि कार्यालयाची असली तर तांत्रिक बाब, अशी ही भाषेची वाटणी आहे. माझा वाद या वाटणीशी आहे. तो वकिलांच्या मासिकात न घालता साहित्याच्या वाचकांपुढे घालतो आहे, कारण नोटीस हा अखेर एक मजकूर आहे. तिला लेखक असतो, तिच्यात वाचक गृहीत धरलेला असतो, तिची एक शैली असते. वाचकापर्यंत न पोचलेल्या मजकुराला आपण एरवी अप्रकाशित म्हणतो. कायद्याच्या व्यवहारात मात्र असा मजकूर प्रकाशित धरून त्याच्या आधारे माणसाचे घर आणि शेत विकता येते.

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत हा प्रश्न कसा उभा राहतो हे समजायचे तर आधी कायद्याची भाषा थोडी वाचावी लागेल. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ सालची. त्याआधी मराठवाड्यात निजामाच्या राज्यातला १३१७ फसलीचा महसूल कायदा चालत होता. राज्य गेले, प्रांत बदलले, तरी महसुलाचे पुस्तक मागे राहिले होते. संहितेच्या कलम १७६ मध्ये थकबाकी वसूल करण्याचे मार्ग मोजून दिले आहेत. मागणीची लेखी नोटीस बजावणे, भोगवटा सरकारजमा करणे, जंगम मालमत्ता अटकावून विकणे, स्थावर मालमत्ता जप्त करून विकणे, थकबाकीदाराला अटक करणे, आणि असेच आणखी एकदोन. यांपैकी एक किंवा अनेक मार्ग वापरता येतील, असे कलम सांगते. वाचनाचा सराव असलेल्या माणसाला या यादीत एक गोष्ट खटकायला हवी. नोटीस येथे अटकेच्या आणि लिलावाच्या पंक्तीला बसवली आहे. म्हणजे ती वसुलीपूर्वीचे कर्जदाराचे संरक्षण म्हणून आलेली नाही. वसुली करणाऱ्याच्या हातातले पहिले आणि सौम्य हत्यार म्हणून आली आहे. त्यापुढचे कलम १७८ म्हणते, की थकबाकी झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून अशी नोटीस ‘काढता येईल’. येईल, काढलीच पाहिजे असे नव्हे. वसुली अधिकाऱ्याच्या मनात नोटीस ही एक ऐच्छिक शिष्टाई बनते, ती या क्रियापदाच्या आधाराने.

पुढे लिलाव करायचा झाला तर जाहीरनामा निघतो, तो चावडीवर आणि तहसील कचेरीत लावला जातो, दवंडीची तरतूद आहे, आणि स्थावर मालमत्तेच्या बाबतीत किमान तीस दिवस थांबावे लागते. पण हा जाहीरनामा कुणासाठी आहे? तो बोली बोलणाऱ्यांसाठी आहे. ज्याची जमीन जाणार तो त्याचा आनुषंगिक श्रोता. मूळ मागणीच्या वेळी ज्याला काही कळले नाही, त्याला ती बातमी गावाबरोबर, गावासमोर, ढोलाच्या आवाजात कळते.

जमीन महसुलाची थकबाकी म्हणजे शेतसारा, आणि तो तर नाममात्र असतो, मग एवढा गदारोळ कशाला, असे कुणी म्हणेल. गोम येथेच आहे. ‘जमीन महसुलाची थकबाकी समजून वसूल करण्यात यावे’ हे शब्द आपल्या कायद्यांत जागोजाग पेरलेले आहेत. ब्रिटिश हिंदुस्थानात तगाईसाठी १८८३ आणि १८८४ साली जे दोन कायदे झाले त्यांत ते आहेत. राज्य वित्तीय महामंडळांच्या कायद्यात ते आहेत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याच्या कलम १०१ मध्ये ते आहेत, आणि मराठवाड्यातल्या शेतकऱ्याची गाठ सर्वाधिक पडते ती या कलमाशी. संस्थेने हिशेबाचा उतारा निबंधकाकडे द्यायचा, निबंधकाने ‘त्याला योग्य वाटेल ती चौकशी’ करून वसुलीचा दाखला द्यायचा, आणि तो दाखला थकबाकीचा निर्णायक पुरावा मानायचा. योग्य वाटेल ती चौकशी! किती, कशी, कुणासमोर, हे सगळे त्या चार शब्दांच्या पोटात गडप झाले आहे. नियमांत पुढे अर्जाची, नोटिशीची आणि सुनावणीची रीत घातली गेली, हे खरे. परंतु सहायक निबंधकाच्या कार्यालयात एकाच तारखेला प्रकरणांचा गठ्ठा लागतो, कर्जदार ‘गैरहजर’ म्हणून नोंदला जातो, आणि एका साच्यातले दाखले बाहेर पडतात. त्यात निर्णय कमी आणि मुद्रण अधिक असते.

हा दाखला चुकीचा आहे, मला बोलावलेच नव्हते, असे सांगायला कर्जदार गेला तर कलम १५४ चे पोटकलम २-अ दारात उभे असते. कलम १०१ च्या दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज घ्यायचा तर आधी येणे रकमेच्या पन्नास टक्के भरा. म्हणजे मला सांगितले नाही एवढे सांगण्याची फी निम्मे कर्ज. येथे एक तुलना करावीशी वाटते. बँकांना न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेण्याचा अधिकार देणारा सरफेसी कायदा २००२ साली आला, तेव्हा त्यातही कर्जदाराला न्यायाधिकरणाकडे जाण्यापूर्वी पंचाहत्तर टक्के रक्कम भरण्याची अट होती. २००४ साली मर्डिया केमिकल्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती अट घटनाबाह्य ठरवून काढून टाकली. तिथे कर्जदार कारखानदार होते, दावे कोट्यवधींचे होते, देशातले नामांकित वकील उभे होते. कायद्याचे जाणकार म्हणतील, की दोन तरतुदी सारख्या नाहीत. न्यायाधिकरणाकडचा अर्ज ही पहिली दाद होती आणि पुनरीक्षण ही दुसरी. मान्य. पण पहिल्या वेळी कर्जदाराला बोलावलेच नसेल तर त्याच्या दृष्टीने ही ‘दुसरी’ दादच पहिली ठरते. मुखेडच्या किंवा जळकोटच्या कोरडवाहू शेतकऱ्याला हा युक्तिवाद पुरा करायला छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठापर्यंत जावे लागते. अंतर शेकडो किलोमीटर.

आता पत्त्याचा आणि ऋतूचा प्रश्न. या दोन जिल्ह्यांतल्या मुखेड, कंधार, लोहा, अहमदपूर, जळकोट अशा तालुक्यांतून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. बाकीची हैदराबादच्या किंवा पुण्याच्या बांधकामांवर असतात. बँकांची आणि पतसंस्थांची वसुली मोहीम कधी जोरात येते? जानेवारी ते मार्च, आर्थिक वर्ष संपताना. म्हणजे गाव ज्या महिन्यांत रिकामे असते, नेमक्या त्याच महिन्यांत नोटिसा गावात येतात. घराला कुलूप, ओट्यावर म्हातारी. पोस्टमन शेरा मारतो, ‘मालक बाहेरगावी’. शिपाई दोन पंचांच्या सह्या घेऊन दारावर कागद डकवतो. कायद्याच्या लेखी बजावणी झाली. साधारण खंड अधिनियमाच्या कलम २७ प्रमाणे योग्य पत्त्यावर, तिकीट लावून, नोंदणीकृत टपालाने पाठवलेले पत्र पोचले असे गृहीत धरता येते. गृहीतक वाईट नाही. चुकवेगिरी करणाऱ्यांसाठी ते हवेच. परंतु चुकवणारा आणि पोटासाठी बाहेर गेलेला यांत फरक करण्याची तसदी त्या शेऱ्यात कुठेच नसते.

आणि ‘योग्य पत्ता’ म्हणजे तरी कोणता? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली बावन्न गावे मूळ जागेवरून उठून नव्या जागी वसवली गेली. गावाचे नाव तेच. पण घर वेगळे, गल्ली वेगळी, शेजार वेगळा. भूकंपाआधीच्या कर्जखात्यावर जो पत्ता होता तो ढिगाऱ्याचा पत्ता होता. अगदी अलीकडे, ऑगस्ट २०२५ मध्ये, मुखेड तालुक्यात अतिवृष्टीने हसनाळ, रावणगाव या गावांत पाणी शिरले. माणसे गेली, जनावरे गेली. असा पूर घरात शिरतो तेव्हा पासबुके, पावत्या आणि जुनी नोटीसही घेऊन जातो. पैसे भरल्याची पावती कर्जदाराने दाखवावी, असा वसुलीचा साधा नियम आहे. संस्थेचे दप्तर मात्र सहसा पुरात वाहून जात नाही, हा योगायोग नोंदवून ठेवण्यासारखा आहे.

आणि दारावर लावलेला तो कागद अखेर हातात आला तरी वाचायचा कसा? त्याचे गद्य वाचकांच्या ओळखीचे असेल. ‘उपरोक्त विषयान्वये आपणास कळविण्यात येते की’ असे सुरू होणारे वाक्य सात ओळी चालते. मध्ये दोन कलमे, एक अधिसूचना, एक ‘सबब’ आणि एक ‘कसूर केल्यास’ येऊन जाते. कर्ता कुठेच नसतो. सगळ्या क्रिया कर्मणी प्रयोगात आपोआप घडत असतात. रक्कम अंकांत असते, पण मुद्दल किती, व्याज किती, दंडव्याज कोणत्या दराने, मागे भरलेले किती वजा केले, याचा तपशील बहुधा नसतो. राष्ट्रीयीकृत बँकेची नोटीस असेल तर ती कित्येकदा इंग्रजीत असते. सरफेसीच्या नियमांत कर्जदार नोटीस चुकवत असेल तर ती दोन वर्तमानपत्रांत छापावी आणि त्यांतले एक देशी भाषेतले असावे, असे म्हटले आहे. गंमत पाहा: जो नोटीस टाळतो आहे असे मानले त्याच्यासाठी मराठीची आठवण ठेवली आहे, जो सरळपणे ती हातात घेतो त्याला कोणत्या भाषेत द्यावी याविषयी नियम मौन पाळतो. देगलूर-बिलोलीच्या पट्ट्यात घरी तेलुगू बोलणारे आहेत, उदगीर भागात कन्नड आणि उर्दू बोलणारे आहेत. त्यांच्या लेखी तर हे कार्यालयीन मराठीसुद्धा परके आहे.

जाता जाता शब्दांविषयी. कर्ज, वसूल, बाकी, जामीन, जप्ती हे सगळे शब्द फारसी-अरबीच्या वाटेने आपल्याकडे आले. लिलाव पोर्तुगिजांनी दिला, नोटीस इंग्रजांनी. देण्याघेण्याच्या या व्यवहारात आपल्या मूळच्या घरचा एक शब्द उरला आहे, तारण. जो तारतो तो. गहाण पडलेल्या वस्तूला हे नाव कोणत्या आशावादी पूर्वजाने दिले कोण जाणे.

नोटिशीचा प्रश्न केवळ सौजन्याचा नाही, त्यावर जमिनीची मालकी लटकलेली असते, हे ज्यांना पटत नसेल त्यांनी ‘आकारीपड’ हा शब्द ऐकावा. सारा किंवा तगाई थकली, जमीन लिलावात काढली, आणि बोली बोलायला कुणी आले नाही, तर संहितेच्या कलम २२० प्रमाणे सरकारच नाममात्र बोलीवर ती जमीन विकत घेते. नाममात्र म्हणजे प्रथेने एक रुपया. येणेकरी सरकार, लिलाव करणारे सरकार, बोली बोलणारे सरकार, आणि खरेदीदारही सरकार. बारा वर्षांच्या आत थकबाकी भरली तर जमीन परत मिळण्याची सोय त्या कलमात होती. पण बारा वर्षांची मुदत चालू आहे हे त्या कुटुंबाला कळवायचे कुणी? गावाने बहिष्कारापोटी किंवा शेजारधर्मापोटी बोली लावली नाही, घरातले जमीन कसत राहिले, आणि सातबाऱ्यावर मात्र मालक म्हणून सरकार चढले, असे घडू शकत होते; नातवंडांनी वारसाची नोंद लावायला तलाठ्याकडे जावे तेव्हा ते उघड व्हायचे. जानेवारी २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने या आकारीपड जमिनी ठरावीक रक्कम भरून घेऊन मूळ शेतकऱ्यांना किंवा त्यांच्या वारसांना परत देण्यासाठी संहितेत दुरुस्ती करण्याचा निर्णय घेतला. निर्णय चांगला आहे. पण एका पिढीची किरकोळ थकबाकी, तिच्यापायी गेलेले शेत, आणि तिसऱ्या पिढीने पुन्हा पैसे भरून ते सोडवणे, या साखळीत ‘तांत्रिक’ कोणती कडी होती, हे मला कुणीतरी सांगावे.

सावकाराच्या बाबतीत आपल्या राज्यकर्त्यांना हे शहाणपण फार पूर्वी सुचले होते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि दस्तऐवज जाळले. दख्खनच्या दंग्यांची चौकशी करणाऱ्या आयोगापुढे जे आले त्यात एक गोष्ट ठळक होती: सावकारांना मिळालेल्या हुकूमनाम्यांतले बहुसंख्य एकतर्फी होते. कुळाला समन्स मिळत नव्हते, मिळाले तर कळत नव्हते, कळले तर तो कोर्टात जायला धजत नव्हता. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांपुरता होता. निजामाच्या हद्दीतल्या मराठवाड्याला त्याचा काही लाभ नव्हता. पण त्याचे तत्त्व लक्षात घेण्याजोगे आहे. नुसता दस्त पाहून निकाल देऊ नका. प्रतिवादीला समक्ष बोलवा, त्याला विचारा, व्यवहाराचा पहिल्यापासूनचा इतिहास तपासा. नंतर चारच वर्षांनी महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कचेरी आणि कोर्ट यांच्या भाषेपुढे निरक्षर शेतकरी कसा नागवला जातो याचा पाढाच वाचला. खासगी सावकाराला शिस्त लावण्याची ही परंपरा २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमापर्यंत चालत आली आहे. त्यात अवैध सावकाराने लाटलेली जमीन चौकशी करून परत देववता येते. स्वतः सरकार येणेकरी असेल तेव्हा मात्र ‘जमीन महसुलाची थकबाकी समजून’ हे चार शब्द पुरतात. व्यवहाराचा इतिहास विचारण्याची गरज संपते. १८७५ च्या सावकाराला असा मंत्र कुणी दिला असता तर त्याने तो सोन्याच्या पत्र्यावर कोरून घेतला असता.

प्रतिपक्षाचे म्हणणे येथे प्रामाणिकपणे मांडले पाहिजे, कारण ते पोकळ नाही. पहिले असे, की नोटिशीतल्या त्रुटींचा सर्वाधिक फायदा बडे थकबाकीदार घेतात. साखर कारखाने, सूतगिरण्या, त्यांचे संचालक. एकेका नोटिशीवर एकेक वर्ष काढणारी ही मंडळी. सार्वजनिक पैसा त्यात अडकतो आणि ठेवीदार उपाशी मरतो. २०११ साली राज्य सहकारी बँकेचे संचालक मंडळ रिझर्व्ह बँकेच्या कारवाईने बरखास्त झाले, ही गोष्ट महाराष्ट्र विसरलेला नाही. दुसरे म्हणणे न्यायालयांचेच आहे. २०१० च्या सत्यवती टंडन निकालात सर्वोच्च न्यायालयाने वसुलीच्या प्रकरणांत उच्च न्यायालये सहज रिट याचिका घेतात याबद्दल कडक शब्दांत नाराजी व्यक्त केली. २००२ च्या जगदंबा ऑइल मिल्स निकालात वित्तीय महामंडळाच्या बाजूने असे म्हटले, की न्याय्य वागणुकीची अपेक्षा एकाच पक्षाकडून करता येत नाही. आणि २०२० च्या सुधीर कुमार सिंह निकालानंतर सुनावणी न मिळाल्याची तक्रार करणाऱ्याला त्यामुळे आपले नुकसान काय झाले हेही दाखवावे लागते.

पहिल्या मुद्द्याला माझे उत्तर असे, की बड्या थकबाकीदाराला नोटीस मिळत असते, म्हणूनच तो तिच्यात त्रुटी काढू शकतो. सदोष नोटिशीवर भांडणे ही ज्याला नोटीस मिळाली त्याची चैन आहे. ज्याला ती मिळालीच नाही तो न्यायालयाच्या आकडेवारीत येत नाही. तो थेट लिलावाच्या यादीत येतो. बड्यांनी पळवाट वापरली म्हणून लहानांचा दरवाजा बंद करायचा, हा कुठला न्याय?

नुकसानीच्या मुद्द्याला मात्र जरा सविस्तर उत्तर हवे. ‘नोटीस मिळाली असती तरी याच्याकडे पैसे नव्हतेच, मग बिघडले काय?’ असे विचारले जाते. बिघडते ते हिशेबात. सहकार कायद्याच्या कलम ४४-अ मध्ये आपले जुने दामदुपटीचे तत्त्व आले आहे: सहकारी संस्थेने सभासदाला दिलेल्या शेतीकर्जावर, त्या कलमाच्या मर्यादांत, मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करता येत नाही. हे कलम आपोआप लागू होत नाही, कुणीतरी ते दाखवावे लागते. आणि दाखवायचे तर आकडा हातात यावा लागतो. २००८ ची केंद्राची कर्जमाफी, २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाची, २०१९ ची महात्मा फुल्यांच्या नावाची. या प्रत्येक वेळी कुणाच्या खात्यात काय जमा झाले, कोण पात्र असून वगळला गेला, याचा घोळ झालेला आहे. २००८ च्या योजनेविषयी नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१३ साली दिलेल्या अहवालात पात्र शेतकरी सुटल्याची, अपात्र घुसल्याची, आणि कर्जमाफीचे प्रमाणपत्र शेतकऱ्याला पोचल्याचा पुरावा नसल्याची प्रकरणे नोंदवली आहेत. बँकेची वही चुकू शकते, याचा याहून अधिकृत दाखला कोणता हवा? तेव्हा नोटिशीने पैसे उत्पन्न होत नसतील, पण आकडा वादग्रस्त होऊ शकतो, आणि वादग्रस्त आकड्यावर जप्ती आणता येऊ नये. १९८० साली एस. एल. कपूर खटल्यात न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी म्हटले होते, की बाजू ऐकून न घेणे हेच मुळात नुकसान आहे, ते वेगळे सिद्ध करायला नको. मला तो जुना निकाल अधिक धडधाकट वाटतो.

शिवाय न्यायालयांची दुसरी परंपराही तेवढीच जिवंत आहे. पर्यायी दाद असली तरी नैसर्गिक न्यायाचा भंग झाला असेल तर रिट याचिकेचे दार बंद नाही, हे १९९८ च्या व्हर्लपूल निकालाने सांगितले. तारण विकण्यापूर्वी कर्जदाराला तीस दिवसांची स्वतंत्र नोटीस देणे बंधनकारक आहे, हे २०१४ च्या मॅथ्यू वर्गीस निकालाने. खाते ‘फसवणूक’ म्हणून जाहीर करण्यापूर्वी खातेदाराला म्हणणे मांडू द्या, हे २०२३ च्या राजेश अगरवाल निकालाने. आणि ऋण फेडण्याची ऐपत नसलेल्या माणसाला निव्वळ तेवढ्यासाठी तुरुंगात घालणे संविधानाशी विसंगत आहे, हे १९८० सालीच जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी. हे निकाल बहुतेक शहरी कर्जदारांचे आहेत. शेतजमिनीला सरफेसी कायदा कलम ३१ मुळे लागू होत नाही हे शेतकऱ्याचे मोठे संरक्षण मानले जाते, आणि आहेही. पण त्याच कारणाने तीस-साठ दिवसांच्या आखीव नोटिशींचा हा सगळा घडवलेला न्यायविचारही त्याच्यापासून एक पाऊल दूर राहिला. त्याच्या वाट्याला महसुलाची संहिता आणि सहकाराचा दाखलाच येतो.

आता थोडे आपल्या घरचे. मराठी साहित्याने मराठवाड्याचा दुष्काळ लिहिला, बाजारात शेतमाल मातीमोल होणे लिहिले, आत्महत्येनंतरचे घर लिहिले. त्यावर प्रबंध झाले, चर्चासत्रे झाली, शोकात्म जाणिवेवर आपण पुष्कळ शाई खर्च केली. पण कर्जदार आणि कर्ज यांच्यामध्ये जो कागद उभा असतो तो वाचावा असे आपल्याला फारसे वाटले नाही. करुणेला कलमांचे क्रमांक मानवत नसावेत. मनुस्मृतीसारखा कायद्याचा ग्रंथ संहिता म्हणून, शब्दाशब्दावर थांबून, वाचता येतो हे नांदेडात राहून नरहर कुरुंदकरांनी दाखवून दिले होते. त्यांच्या गावातल्या आणि लातूरच्या महाविद्यालयांत आज ‘व्यावहारिक मराठी’ शिकवले जाते. विद्यार्थी त्यात सभेची नोटीस लिहायला शिकतो. आलेली नोटीस वाचायला त्याला कुणी शिकवत नाही, आणि त्या वर्गातल्या अनेकांच्या घरी ती आलेली असते.

प्राध्यापक-शिक्षक मंडळींना तर हा विषय परका समजण्याचे काहीच कारण नाही. महामंडळांच्या आणि पतसंस्थांच्या कर्जांना पगारदार जामीनदार लागतो, आणि तालुक्याच्या गावी पगारदार म्हणजे बहुधा शिक्षकच. भाच्यासाठी, शेजाऱ्यासाठी, जुन्या विद्यार्थ्यासाठी आपण सही करतो आणि विसरतो. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी ऋणकोइतकीच असते, आणि आधी ऋणकोच्या मागे लागून मग जामीनदाराकडे या, असे धनकोला सांगता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६९ पासून स्पष्ट केले आहे. मूळ कर्जदाराच्या नावची नोटीस जुन्या पत्त्यावरून परत येते. जामीनदाराला पत्ता लागतो तो पगारातून कपात झाल्यावर. त्या महिन्यात मात्र आपल्यातल्या कुणालाही हा मुद्दा तांत्रिक वाटत नाही.

सप्टेंबर २०२५ च्या पुरानंतर राज्य सरकारने ऑक्टोबरमध्ये ३१,६२८ कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले आणि बाधित भागात सहकारी कर्जांचे पुनर्गठन व शेतीशी निगडित कर्जांच्या वसुलीला एक वर्षाची स्थगिती या सवलतीही दिल्या. २०१८ साली १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला तेव्हाही अशाच सवलती होत्या. या स्थगितीची बातमी वर्तमानपत्रात येते, शासन निर्णय संकेतस्थळावर चढतो. स्थगिती लागू असलेल्या प्रत्येक खातेदाराला ‘तुमची वसुली अमुक तारखेपर्यंत थांबवली आहे’ असे लेखी कळवावे, अशी सक्ती कुठेही नाही. त्यामुळे वसुली अधिकारी दारात आला तर स्थगिती आहे हे कर्जदारानेच त्याला सांगायचे, आणि कशाच्या जोरावर, तर ऐकीव.

सहकारी संस्था माहिती अधिकाराच्या कक्षेत सरसकट येत नाहीत, असे २०१३ च्या थलप्पलम निकालात ठरले. निबंधकाचे कार्यालय मात्र येते. कलम १०१ च्या प्रकरणाची फाइल तिथे असते. तिच्यात बजावणीचा अहवाल असतो, टपालाची पोहोच असते किंवा नसते, आणि असलीच तर तिच्यावर कुणाची सही किंवा अंगठा आहे हे दिसते. दहा रुपयांच्या अर्जावर तिची प्रत मागता येते. एखाद्या मराठी विभागाने एका तालुक्यातल्या, एका वर्षाच्या अशा फाइली मागवाव्यात आणि विद्यार्थ्यांबरोबर बसून वाचाव्यात: किती पोहोचा आहेत, किती अंगठे आहेत, किती ठिकाणी पंचांच्या त्याच दोन सह्या पुन्हा पुन्हा येतात.